सहा भोकं

“मेली बालदी. नको तवा पळती, आणि सरकवायला गेलं की जागची हलंना.”

बाथरूमच्या दाराआड आत्याबाई पुटपुटत होत्या. मी बाहेर पाटावर, दाराला पाठ टेकून बसले होते. दार पत्र्याचं. आतला शब्द न् शब्द मला कानांआधी पाठीत ऐकू यायचा.

“म्हातारीच्या आंघोळीला राखण लागती. भाईर बसलीया माला पोलिसासारखी.”

“आत्याबाई, ऐकू येतंय मला.”

“ऐकू यावं म्हणूनच बोलतीया.”

मग तांब्याचा आवाज, मग थोडा वेळ काहीच नाही. या काहीच नाहीची मला भीती वाटायची. मी पाठीनं दार हलकंच वाजवायचे. त्या आतून तांब्या वाजवायच्या. म्हणजे जिवंत आहे.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाईच म्हणतात. ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट, मिरजेतली. त्या तेव्हा त्र्याहत्तरच्या होत्या आणि मी चाळीसची. घरात आम्ही दोघीच. तिसरे माझे यजमान, शशिकांत. ते मस्कतला फर्निचर आणि फिटिंगच्या कामावर असतात, असं आम्ही सांगायचो.

महाशिवरात्रीला आत्याबाई बाथरूममध्ये घसरल्या आणि डावं मनगट मोडलं. प्लास्टर घालताना डॉक्टर मला म्हणाले, “या वेळी मनगटावर निभावलं. पुढच्या वेळी खुबा जाईल आणि मग काही खरं नाही. भिंतीला धरायला दांडी बसवून घ्या. आजच्या आज.”

मी चष्म्याच्या दुकानात काम करायचे. सकाळी साडेनऊला निघायचं, संध्याकाळी आठला यायचं. म्हणून मी निघण्याआधी त्यांनी आंघोळ उरकायची, मी पाटावर बसायचं आणि दिवसभर त्यांनी बाथरूममध्ये पाऊल टाकायचं नाही, असं ठरलं होतं. माझ्या बाजूनं ठरलं होतं. एका संध्याकाळी आले तर आत्याबाई बाथरूमच्या ओल्या फरशीवर भिंतीला टेकून बसलेल्या. दुपारी पाय धुवायला गेल्या होत्या.

“पडलात?”

“पडली न्हाई. बसलीया.”

“कधीपासून?”

“चारचा भोंगा ऐकला त्याच्या आधी.”

उठायला धरायचं काही नव्हतं, म्हणून चार तास बसून राहिल्या. लुगडं भिजून अंगाला चिकटलेलं, ओठ निळे. मी त्यांना काखेत हात घालून उठवलं तेव्हा त्यांचं वजन लागलंच नाही, आणि त्याचीच मला जास्त धडकी भरली.

दांडी मी दुसऱ्याच दिवशी आणली. चांगली दीड फुटाची, स्टीलची. दोन टोकांना दोन चकत्या, प्रत्येक चकतीला तीन स्क्रू. म्हणजे भिंतीला सहा भोकं. आता सहा भोकं पाडायला माणूस बोलवायचा, एवढंच. मी बोलावलाही. मी दुकानात असताना तो आला, आणि आत्याबाईंनी त्याला दारातूनच वाटेला लावलं. “माजा लेक याच कामातला हाय. घरात मशीन हाय. पाडव्याला येतोय त्यो.”

मशीन होतं, हे खरं. मस्कतला जायच्या महिनाभर आधी यांनी हौसेनं घेतलं होतं. बिनवायरचं, बॅटरीवर चालणारं हॅमर ड्रिल. भिंतीत टोक फिरवतंही आणि मागून ठोकतंही. तिकडे कंपनीचीच मशीनं असतात म्हणून हे माळ्यावर पेटीत राहिलं. गेले तेव्हा मला म्हणाले होते, “जप हं.” मशीनबद्दल म्हणाले होते.

आता फोनचं सांगायला हवं. पहिलं दीड वर्ष दर रविवारी सकाळी फोन यायचा. मग महिन्यातून एकदा. मग बंद. मी लावला की एक बाई आधी अरबीत आणि मग इंग्रजीत सांगायची की हा नंबर वापरात नाही. मला अरबी येत नाही, पण आठव्यांदा ऐकल्यावर तेही समजलं.

दुकानात कुणी विचारलं की मी म्हणायचे, “बरे आहेत.” लोकही भले. एकदा विचारायचे आणि पुन्हा विचारायचे नाहीत. आत्याबाईंना मात्र काही सांगवेना. त्या दिवाळीत त्यांनी दोन दिवस फराळाला तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी मी दुकानातून आले आणि चप्पल काढता काढता, त्यांच्याकडे न बघता म्हणाले, “यांचा फोन आला होता दुकानात. आईनं फराळ केला का, विचारत होते.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग उठून डब्यातली एक करंजी खाल्ली, उभ्यानं.

पुढच्या रविवारी मी मंडईतून आले, तर दारातच म्हणाल्या, “शशीचा फोन आलता. आत्ताच ठिवला.”

माझ्या हातात मेथीची जुडी होती. म्हणजे फोन चालू होता. नंबर बदलला होता आणि नवा नंबर आईला दिला होता, मला नाही. “हो का? बरे आहेत ना?” म्हणून मी मेथी निवडायला बसले. त्या दिवशी भाजीत पानं किती गेली आणि देठं किती, देव जाणे. दोघींनी गुमान खाल्ली.

त्यांचा मोबाईल उघडून नंबर बघणं काही अवघड नव्हतं. मी बघितला नाही. नंबर मिळाला असता तर तो लावावा लागला असता. तिकडून उचलला असता तर काहीतरी ऐकावंही लागलं असतं.

मग आमच्या घरात दर आठवड्याला दोन फोन यायला लागले. एक मला, जो येत नव्हता, आणि एक त्यांना. त्या सांगायच्या, शशीला तिकडं खोकला झालाय. मी सांगायचे, हो, मलाही बोलताना जाणवला. त्या सांगायच्या, भात फार खातोय. मी म्हणायचे, तिकडे भाकरी कुठली मिळायला? एकाच ताटात जेवल्यासारख्या आम्ही त्या माणसाला पुरवून पुरवून खात होतो. रात्री मात्र मी भिंतीकडे तोंड करून झोपायचे आणि मनात विचारायचे, आईशी एवढं बोलता, मग माझ्याशी दोन शब्द बोलायला काय झालं होतं?

तर दांडी आणल्यानंतरच्या रविवारी मी म्हणाले, “यांनी सांगितलंय, माळ्यावरून मशीन काढ आणि तूच बसव.”

“कधी सांगितलं?”

“काल. दुकानात.”

आत्याबाई लसूण सोलत होत्या. प्लास्टरच्या हातानं कुडी धरायची आणि उजव्या हातानं सोलायचं. “मला तर परवा म्हणाला, माज्या मशीनला कुणाला हात लावू दिऊ नगं. पाडव्याला मीच येऊन बसिवतो.”

मला असा राग आला! बायकोला एक फोन नाही आणि मशीनची काळजी बघा.

“मग विचारा त्यांनाच. लावा फोन.”

“तू लाव.”

“नंबर तुमच्याकडं आहे.”

“तुज्याकडं न्हाई व्हय?”

दोघींचे दोन मोबाईल टीव्हीशेजारी एकाला एक लागून पडले होते. आम्ही दोघी त्यांच्याकडे बघत राहिलो. कुणी उठलं नाही.

शेवटी आत्याबाई म्हणाल्या, “आता तिकडं झोपायची वेळ असंल.”

सकाळचे अकरा वाजले होते.

त्या दुपारी त्यांचा डोळा लागल्यावर मी माळ्यावर चढले.

पेटीत मशीन, दोन बॅटऱ्या, चार्जर आणि एक पुस्तिका. एक बॅटरी पडून पडून मेली होती. चार्जरवर लावली की नुसता तांबडा दिवा लुकलुकायचा. दुसरीनं तासाभरानं हिरवा दिवा दाखवला. पुस्तिका आठ भाषांत होती, त्यात मराठी नव्हती. पण चित्रं होती आणि चित्रं काढणारा माणूस मोठा समजूतदार. डोळ्यांना चष्मा, त्याला बरोबरची खूण. मोकळे केस, त्यावर फुली. लांब बाही, त्यावर फुली. गळ्यातली माळ, त्यावर फुली. मशीनच्या मानेशी एक फिरतं कडं, त्यावर तीन चित्रं: नुसतं टोक, स्क्रू आणि हातोडा. काम कुठलं, तसं कडं फिरवायचं.

चष्म्याच्या दुकानात मी मोहरीएवढे स्क्रू पिळत आले होते, तेही कुणी न शिकवता. मला वाटलं, हे काय, तेच जरा मोठं.

परसातल्या कुंपणाच्या भिंतीवर मी पहिलं भोक पाडायला घेतलं. घोडा दाबला. मशीन गुरगुरलं. मी दोन्ही हातांनी, मग खांद्यानं, मग पोटानं जोर लावला. दहा मिनिटं. भिंतीला एक काळा डाग पडला आणि धूर निघाला. भोक नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात जाताना मगदुमांच्या हार्डवेअरमध्ये डोकावले. दांडी त्यांच्याकडूनच घेतली होती. मगदूम ऐकता ऐकता खिळ्यांचं माप ठेवून हसायला लागले.

“वहिनी, घोड्याच्या वर एक आडवं बटण हाय बघा. ते कुठल्या बाजूला हुतं?”

“कुठल्या बाजूला म्हणजे?”

“म्हंजे मशीन उलटं फिरत हुतं. ती स्क्रू काढायची दिशा. तुमी उलट्या मशीनला सुलटं ढकलत बसलाय.” डोळे पुसत म्हणाले, “जोर लावायचा नसतोय, वहिनी. दिशा बरोबर असली की टोक आपलं आपण आत जातंय. तुमी नुसतं सरळ धरायचं. आणि बटण मधोमध ठेवलं की घोडा लॉक. टोक बदलताना हमखास मधोमध.”

मग त्यांनी टाइल्सचं सांगितलं. टाइल्सवर हॅमर आधी लावायचा नाही, तडा जातो. भाल्यासारख्या टोकाचं बीट, म्हणजे मशीनला लावायची काडी, घ्यायचं, खुणेवर चिकटपट्टीची फुली मारायची म्हणजे टोक घसरत नाही, आणि हळूहळू नुसतं फिरवायचं. टाइल पार झाली की आवाज बदलतो. मग भिंतीचं बीट लावायचं, कडं हातोड्याच्या चित्रावर आणायचं. मागं पाण्याचा पाइप आहे का, वायर आहे का, ते आधी बघायचं. मेन स्विच बंद.

“तसं साहेब आले की...” म्हणाले आणि एकदम थांबले. मग खिळे पुन्हा मोजायला लागले, जे मघाशीच मोजून झाले होते.

मी दोन्ही बीटं घेतली. त्या आठवड्यात कुंपणाच्या भिंतीला अकरा भोकं पाडली. अकरावं सरळ आलं.

गुरुवारी मी दुकानातून रजा घेतली. सकाळचे दहा, लाइट गेलेली, तरी मी मेन स्विच पाडला. बिनवायरच्या मशीनचा हाच फायदा, त्याला कुणाची लाइट लागत नाही. आत्याबाई स्टूल घेऊन बाथरूमच्या दारात येऊन बसल्या.

“मी काय हात लावणार न्हाई. शशीनं नगं म्हणून सांगितलंय. नुसती बॅटरी दावीन.”

बॅटरी म्हणजे टॉर्च. तो त्यांनी मोडक्या हाताच्या प्लास्टरमध्ये खोचला होता.

दांडी नेमकी किती उंचीवर लावायची, ते मला विचारावंच लागलं नाही. टाइल्सवर एके ठिकाणी हाताचा पंजा उमटला होता, साबणाचा, रोजच्या रोज तिथंच टेकून टेकून पुटं चढलेला. उठताना त्या तिथं हात लावायच्या, आणि तिथं धरायला काही नव्हतं. मी पंजाच्या मधोमध पेन्सिलीनं रेघ मारली. नळाचा पाइप दोन हात लांब, वायर त्या भिंतीत नाहीच. दांडी धरून सहा खुणा केल्या. सहा फुल्या चिकटवल्या.

डोळ्यांवर दुकानातला बिननंबरचा मोठा चष्मा चढवला. नाकाला रुमाल बांधला. वेणी गुंडाळून वर खोचली.

“दरोडा घालायला निघालीस का काय?”

“बांगड्या वर सारते.” मी हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत सारल्या आणि वरून फडकं बांधलं.

“ह्ये बी त्यानंच सांगितलं का, फोनवर?”

“हो.”

“बरा सांगतोय बाई, बारीकसारीक.”

मग मी मानेमागं हात नेले. “गळ्यातलं काढून देवापुढं ठेवते जरा.”

टॉर्चचा उजेड भिंतीवरून घसरून खाली फरशीवर आला.

“काय म्हणालीस?”

“पुस्तकात चित्र आहे, आत्याबाई. फिरत्या मशीनपाशी गळ्यात काही नको. पाच मिनिटं फक्त.”

“पाच मिनिटं बी न्हाई. पुस्तक लिवणाऱ्याची बायको काढत असंल. नवरा परमुलखात आणि तू मोकळ्या गळ्यानं हुबी ऱ्हाणार व्हय माज्यापुढं?”

“अहो, पण...”

“आत घाल. कापडाच्या आत घाल, म्हंजे झालं.”

मला माहीत होतं, हे चुकीचं आहे. आज माझ्याकडे कुणी हे काम शिकायला आलं आणि गळ्यात काही असलं, तर मी मशीन हातात देत नाही, मग तिची सासू काही म्हणो. पण त्या दिवशी मंगळसूत्र काढलं असतं तर ते नुसतं काढणं झालं नसतं. आम्हा दोघींत जे बोलायचं नव्हतं, ते मीच आधी बोलल्यासारखं झालं असतं. मी ते आत घातलं. दुपदरी, लांब, खाली दोन वाट्या. ड्रेसच्या गळ्यातून आत, छातीशी गार लागलं.

पहिलं भोक. भाल्याचं टोक फुलीवर टेकवलं, बाजूची मूठ डाव्या हातात, घोडा अगदी हलका. पांढरी पूड भुरभुर खाली पडायला लागली. मी जोर लावला नाही. नुसतं सरळ धरलं. थोड्या वेळानं आवाज जाडसर झाला, टाइल पार झाली. बटण मधोमध. बीट बदललं. भिंतीच्या बिटाला दोन इंचांवर तांबडा दोरा बांधून ठेवला होता, त्याच्या पुढं जायचं नाही. कडं हातोड्यावर. आणि मग जो आवाज झाला, सगळ्या घराची दाढ दुखायला लागल्यासारखा! फळीवरचा साबण नाचत नाचत खाली पडला. आत्याबाईंचा टॉर्च नाचला.

दोरा भिंतीला टेकला. मी घोडा सोडला. तुकतुकीत, गोल, सरळ भोक.

“बघू,” आत्याबाई म्हणाल्या. उठल्या, चौकट धरून आत आल्या आणि बोट घातलं. “गरम हाय की गं.”

“सांगा त्यांना फोनवर. म्हणावं, मालाला जमतंय.”

त्या जाऊन स्टुलावर बसल्या.

दुसरं झालं. तिसरं झालं. डाव्या बाजूची तीन भोकं तयार. भोकात ठोकायच्या प्लास्टिकच्या गिट्ट्या मी ओळीनं फळीवर मांडल्या. चौथंही झालं. मला मजा यायला लागली होती. खरं सांगते, दोन वर्षांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं. कुणाला न विचारता, कुणाची वाट न बघता, माझ्या हातानं भिंत वाट देत होती. यांनी बघायला हवं होतं, असं वाटलं आणि स्वतःचाच राग आला.

पाचवं भोक चकतीच्या खालच्या अंगाला होतं. त्यासाठी वाकावं लागलं. टाइल पार झाली, बीट बदललं, हॅमर लावला, कमरेत वाकून मी मशीन धरलं. वाकले तशी गळ्यातली सर ड्रेसमधून हळूच बाहेर घसरली. मला कळलं नाही. आत्याबाईंना दिसलं असावं, कारण त्या ओरडल्या, पण त्या आवाजात काय ऐकू येणार?

मानेला एकदम हिसका बसला. कुणीतरी मागून माझं डोकं धरून भिंतीवर आपटायला न्यावं तसा. काळे मणी मशीनच्या तोंडावर गरगर गुंडाळत चालले होते आणि त्यांच्यामागून मी. घोडा सोडला की मशीन थांबतं, हे एक मात्र माझ्या बोटाला पाठ होतं. बोट सुटलं. पण त्याआधीच सर तुटली होती. पत्र्यावर गारा पडाव्यात तसे मणी बाथरूमभर उडाले. मशीन भिंतीत रुतून तसंच लोंबकळत राहिलं.

“माला! जागची हलू नगं! मण्यांवरनं पाय घसरंल!”

मी हलले नाही. चष्म्याच्या डाव्या काचेला एक वाटी लागून ओरखडा उठला होता. काच नसती तर तो डोळ्यात उठला असता. मानेला आग आग होत होती. ती रेघ अजून आहे माझ्या मानेवर, केस वर बांधले की दिसते.

आत्याबाई स्टुलावरून उतरल्या आणि चक्क फरशीवर बसल्या. ज्या फरशीवरून त्यांना कुणीतरी उठवावं लागायचं, तिच्यावर आपण होऊन बसल्या. प्लास्टरमधल्या टॉर्चचा उजेड फिरवत, दुसऱ्या हातानं मणी गोळा करत पुढं पुढं सरकत माझ्या पायापाशी आल्या. मोरीच्या जाळीत अडकलेली एक वाटी काढली. दुसरी बालदीमागं मिळाली. दोन्ही वाट्या आणि मूठभर मणी त्यांनी पदरात घेतले. पदराचं दुसरं टोक ओलं करून माझ्या मानेला लावायला हात वर केला, पण तो पोचेना, म्हणून मीच खाली त्यांच्यासमोर बसले.

“वाढलं जरा,” मी म्हणाले. मंगळसूत्र तुटलं म्हणत नाहीत आमच्याकडे. “संध्याकाळी ओवून घेते, आत्याबाई. काही होत नाही.”

त्या रक्त टिपत राहिल्या.

“यांना मात्र सांगू नका हं फोनवर. उगीच जिवाला लावून घेतील.”

पदर माझ्या मानेवर थांबला.

“कुटल्या फोनवर?” आत्याबाई म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे बघितलं. नाकावरचा रुमाल खाली केला.

“तुला येतोय का त्याचा फोन? खरं सांग. माजी आण हाय.”

नळाचा एक थेंब पडला. मग अजून एक.

“नाही,” मी म्हणाले. “तुम्हाला?”

“मला बी न्हाई.” त्यांनी पदरातले मणी बोटानं एका बाजूला सारले, पुन्हा दुसऱ्या बाजूला सारले. “तू दिवाळीत म्हणालीस, फोन आलता. मला वाटलं, त्याचं मन फिरलं असंल. तुला करत असंल आणि माज्याशी बोलायची लाज वाटत असंल. मग मी बी म्हणाया लागले. तुला बरं वाटावं म्हणून.”

“मन फिरलं म्हणजे?”

मी वाट बघितली. कुणाची तरी वाट बघण्यात त्या घरात माझा हात कुणी धरला नसता.

“गेल्या वर्षी संक्रांतीला केलता,” त्या म्हणाल्या. “एकदाच. घरात बायका हळदीकुंकवाला बसल्यालत्या. तू नवं लुगडं नेसून वाण देत हुतीस. मी फोन घिऊन परसात गेले. आत येऊन तुला म्हटलं, राँग नंबर हुता. आठवतंय?”

आठवत होतं. मी त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला होता आणि त्यांनी तो खाल्ला नव्हता.

“म्हणाला, आई, माजी वाट बघू नगा, तिला तू सांग. मला हुत न्हाई. त्याला हुत न्हाई आणि मला व्हईल व्हय? तुज्या कपाळाला बायका कुकू लावत हुत्या गं. आज सांगू, उद्या सांगू करत वरीस गेलं.”

त्यांनी मणी आणि वाट्या माझ्या ओंजळीत ओतल्या. मग माझ्या खांद्यावर भार देऊन उभ्या राहिल्या, टॉर्च हातात नीट धरला आणि उजेड भिंतीत अडकलेल्या मशीनवर टाकला.

“शशी येणार न्हाई, माला,” त्या म्हणाल्या. “ऱ्हायलेली भोकं तूच पाड.”